रिकाम्या पुंगळ्यांचं करायचं काय?

पॉइंट टू टू रायफलचा बोल्ट मागे ओढला की पितळेची एक इवलीशी नळी बाहेर पडते. लांबीला जेमतेम पंधरा-सोळा मिलिमीटर, वजनाला ग्रॅमभरही नाही. तोंड काळवंडलेलं, अंग अजून कोमट आणि बुडाच्या कडेला पिनने पाडलेला छोटासा खड्डा. ही झाली वापरलेली पुंगळी. शूटिंग शिकायला आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी हीच गोष्ट खिशात घालावीशी वाटते. सोबत आलेल्या वडिलांनाही वाटते, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्या ५० मीटर थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत ६० गोळ्या मोजल्या जातात. अंदाज घ्यायला झाडलेल्या गोळ्या त्याहून वेगळ्या. म्हणजे एका नेमबाजामागे एका सामन्यात ओंजळभर पुंगळ्या होतात, आणि रोजच्या सरावात महिनाअखेर डबे भरतात. दहा मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूल खेळणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही, कारण छऱ्याला पुंगळीच नसते. बाकी सगळ्यांना पडतो, किंवा पडायला हवा.

उत्तर एका ओळीचं आहे: पुंगळी रेंजची आहे, ती रेंजवरच्या डब्यात टाका आणि हात धुऊन घरी जा. पण 'एवढ्याशा पितळेने काय होतंय' असं म्हणणारे भेटतातच, म्हणून कारणं सविस्तर सांगायला हवीत.

आधी रेंजवरच्या शिस्तीबद्दल. फायरिंग चालू असताना खाली पडलेलं काहीही उचलायचं नाही. रेंज ऑफिसरने फायरिंग थांबवायचा हुकूम दिला, सगळ्यांची शस्त्रं रिकामी करून खाली ठेवली, तपासली, मगच वाकायचं. फायरिंग लाइनच्या पुढे गेलेली पुंगळी तर विसरूनच जा, ती उचलायचं काम रेंजच्या माणसांचं. बोल्टच्या रायफलमध्ये पुंगळी आपल्या हाताने आणि बेताने बाहेर येते. पंचवीस मीटरच्या पिस्तुलाचं तसं नाही. ते स्वतःच पुंगळी उजवीकडे भिरकावतं, आणि ती चांगलीच तापलेली असते. शेजारच्या लेनवरून उडालेली पुंगळी कॉलरमधून आत गेली की माणूस नाचायलाच लागतो, आणि हातातलं भरलेलं पिस्तूलही त्याच्याबरोबर फिरतं. खरा धोका चटक्याचा नाही, त्या फिरणाऱ्या नळीचा आहे. म्हणून गळ्याशी बंद असलेला टी-शर्ट, टोपी आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. चटका बसला तरी नळी समोरच ठेवायची, हे मुलांना आधीच बजावून ठेवा.

आता उचललेल्या पुंगळ्या डब्यात टाकण्याआधी प्रत्येकीचं तोंड बघायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळायचं नाही. पॉइंट टू टूच्या काडतुसात पेट घेणारं रसायन बुडाच्या कडेत भरलेलं असतं, त्यामुळे पिनची खूण कडेला उमटते. मोठ्या काडतुसांत ती बरोबर मध्ये असते, कारण तिथे प्राइमरची वेगळी वाटी बसवलेली असते. खूण उमटलीय पण तोंडाशी शिशाची गोळी अजून तशीच आहे, तर ते काडतूस पेटलेलंच नाही. याला मिसफायर म्हणतात. असं झालं की बोल्ट लगेच उघडायचा नाही. नळी लक्ष्याकडे ठेवून निदान तीस सेकंद थांबायचं, कारण कधीकधी बारूद उशिरा पेटते. नंतर ते काडतूस काढून रेंज ऑफिसरच्या हातात द्यायचं. रिकाम्या पुंगळ्यांच्या डब्यात ते कधीच जाता कामा नये. तो डबा पुढे भंगारात जातो, भंगार भट्टीत जातं आणि भट्टीशी उभ्या असलेल्या कामगाराला त्यातलं काहीच ठाऊक नसतं.

पुंगळ्यांचा हिशेब हा दुसरा मुद्दा. एनसीसीत फायरिंग केलेल्यांना तो आठवत असेल. फायरिंग संपलं की कॅडेटला मोठ्याने सांगावं लागतं की माझ्याजवळ जिवंत राउंड नाही आणि रिकामी केसही नाही. पोलिसांच्या सरावातही दिलेल्या गोळ्या आणि परत आलेल्या पुंगळ्या यांचा मेळ बसावा लागतो, आणि एखादी कमी भरली तर माणसं गवतात वाकून शोधत बसतात. बाहेरच्याला हा अतिरेक वाटतो, पण त्यामागे साधं गणित आहे. पुंगळी परत आली म्हणजे गोळी झाडली गेली. ती आली नाही, तर गोळी झाडली की कोणाच्या खिशात गेली, हे सांगायला दुसरा पुरावा उरत नाही. क्लबच्या रेंजवरही हाच नियम लावा. स्वतःचा परवाना असणाऱ्यांनी एक साधी वही ठेवावी. तारीख, कुठल्या रेंजवर, किती राउंड नेले, किती झाडले, किती परत आणले आणि पुंगळ्या कुठे जमा केल्या, एवढं त्यात असलं की पुरे. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी किंवा निवडणुकीआधी शस्त्र जमा करताना कोणी काडतुसांचा हिशेब विचारला, तर ही वही वकिलापेक्षा जास्त कामाला येते.

कायदा काय म्हणतो? शस्त्र अधिनियम, १९५९ मधली दारूगोळ्याची व्याख्या जिवंत काडतुसापाशी थांबत नाही, दारूगोळ्याचे भागही तिच्यात येतात. दुसरीकडे त्याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे: जे किरकोळ भाग त्यांना पूरक असलेल्या इतर भागांबरोबर वापरण्याचा हेतू नाही, ते जवळ असणं गुन्हा ठरत नाही. म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेली एक रिकामी पुंगळी या सवलतीत बसू शकते. मात्र तुम्ही त्या सवलतीत बसता हे पटवून द्यायची वेळ येते ती पोलिस ठाण्यात किंवा कोर्टात, आणि तोवर तुमचं विमान गेलेलं असतं. पुंगळीऐवजी चुकून जिवंत काडतूस निघालं, तर गोष्ट फारच वेगळी. विनापरवाना काडतूस जवळ बाळगल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षांची कैद आहे. 'बॅगेत होतं हे मला माहीतच नव्हतं' या बचावाला न्यायालयात जागा आहे. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच गुणवंतलाल खटल्यात सांगितलं, आणि विमानतळावर सामानात एखाददुसरं काडतूस सापडल्याचे गुन्हे उच्च न्यायालयांनी याच आधारावर रद्द केलेले आहेत. पण गुन्हा रद्द होणं म्हणजे आधी तो दाखल होणं, जामीन, तारखा, वकिलाची फी आणि अडकलेला पासपोर्ट. एका ग्रॅमच्या पितळेसाठी हा सौदा फार महाग आहे.

ही बाब सर्वांत जास्त नडते ती विमानतळावर, आणि नेमबाजांपेक्षा पर्यटकांना. व्हिएतनामला जाणारी मराठी मंडळी हो चि मिन्ह शहराजवळच्या कू चीच्या भुयारांना हमखास भेट देतात. तिथे पर्यटकांसाठी फायरिंग रेंज आहे, गोळ्या मोजून विकत घ्यायच्या आणि एके-४७ झाडायची. बाहेरच्या दुकानांत पुंगळ्यांपासून केलेली पेनं, लायटर, कीचेन मांडलेली असतात. थायलंडमध्ये फुकेत-पट्टायाला आणि अमेरिकेत लास व्हेगासला हौशी लोकांसाठी अशाच रेंज आहेत. तिथे कोणी तुम्हाला अडवत नाही, उलट आठवण म्हणून पुंगळी हातात ठेवतात. अमेरिकेत तर झाडलेल्या प्राइमरची रिकामी पुंगळी देशांतर्गत विमानातही नेता येते, त्यामुळे तिथल्या भाच्याला वाटतं की मामालाही चालेल. पण एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर दिसतो तो काडतुसाचा आकार. तो रिकामा आहे की भरलेला, हे तुमच्या तोंडच्या शब्दावर ठरत नाही. त्यात शोभेच्या वस्तूत पुंगळीच्या तोंडात खरी गोळी परत बसवलेली असेल, तर ती नुसत्या डोळ्यांना जिवंतच दिसते. तेव्हा अशी वस्तू घेऊच नका, आणि कोणी प्रेमाने दिलीच तर तिथेच ठेवून या. चेक-इन सामानात टाकली तरी चालेल हाही गैरसमज आहे, कारण तेही तपासूनच विमानात चढतं.

नेमबाजांची गोष्ट थोडी निराळी. राष्ट्रीय स्पर्धेसाठी पुण्या-मुंबईहून दिल्लीच्या कर्णीसिंग रेंजला जाणारा खेळाडू रायफल आणि काडतुसं रीतसर जाहीर करून, कागदपत्रं दाखवून नेतो. तो अडकतो ते हातातल्या पाठपिशवीत. शूटिंग जॅकेटचा खिसा, बुटाचा तळ, गुंडाळलेली चटई आणि पिशवीचं अस्तर उसवलेला कोपरा, पुंगळ्या या चार ठिकाणी दडतात. निघायच्या आदल्या दिवशी पिशवी पूर्ण उलटी करून झटका, अस्तरावरून बोटं फिरवा. आणि रेंजची पिशवी ही रेंजचीच असू द्या. मे महिन्यात तीच बॅग घेऊन आई गोव्याला निघते आणि परतताना दाबोळी विमानतळाच्या रांगेत तिला पहिल्यांदा कळतं की लेकाने तळाशी काय साठवलंय. आठवणच ठेवायची तर लक्ष्याचा कागद ठेवा. त्यावर तारीख, गुण आणि भोकं तिन्ही असतात, आणि पुंगळीवर यातलं काहीच नसतं.

शिशाबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. पॉइंट टू टूची गोळी शिशाची असते आणि प्राइमरमध्ये बहुतेकदा शिशाचाच क्षार असतो, त्याच्या जोडीला बेरियमचा. गोळी सुटली की या सगळ्याचा बारीक धूर होतो आणि थोडा भाग पुंगळीच्या आतल्या काजळीत राहतो. ती काजळी बोटांना लागते, बोटं वडापावला लागतात. लहान मुलांच्या शरीरात शिशाची कुठलीच पातळी निर्धोक मानत नाहीत, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलेलं आहे. पुंगळीच्या तोंडावर ओठ टेकवून फुंकलं की झकास शिट्टी वाजते, हा शोध प्रत्येक मुलाला न शिकवता लागतो. तेव्हा पुंगळ्या वेचायच्या कामाला लहान भावंडांना लावू नका. रेंजवर खाणंपिणं नको. निघताना साबणाने कोपरापर्यंत हात आणि तोंड धुवायचं, रेंजचे कपडे वेगळे धुवायचे, बूट दाराबाहेर. बंदिस्त रेंजवर कोरडा झाडू मारू नये, त्याने बसलेली धूळ पुन्हा हवेत उडते, ओल्या फडक्याने पुसून घ्यावं. आणि चार पुंगळ्या घरी आणून, पितांबरी लावून, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासून चकाचक करायचा विचार मनात आला असेल, तर तो सोडा.

क्लबच्या कार्यकारिणीसाठी काही सूचना. डबे निदान तीन हवेत: एक पितळेच्या पुंगळ्यांचा, एक बारा बोअरच्या शॉटगन काडतुसांचा, आणि तिसरा, कुलपाचा, मिसफायर काडतुसांसाठी. बारा बोअरचं नळकांडं प्लास्टिकचं असतं. बुडाशी जी पिवळी टोपी दिसते, तिला पितळ समजून भाव लावू नका, लोहचुंबक धरून पाहा. बऱ्याचदा ती पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडाची निघते. प्लास्टिक आणि धातू वेगळे करणाऱ्यालाच हा माल द्यावा, जाळून वेगळे करणाऱ्याला नव्हे. चांगल्या पुंगळीच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं, त्यामुळे भंगारात तिला मान आहे. पण पॉइंट टू टूच्या हजार पुंगळ्यांचं वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरतं, हेही लक्षात घ्या. म्हणजे मोलाचं काही होतं ते क्लबच्या पातळीवर, वर्षाचा साठा एकत्र केल्यावर. एकट्याने पिशवीभर पुंगळ्या घेऊन कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे जाण्यात कमाई नाहीच, चौकशी मात्र मागे लागू शकते. त्याच्याही मागे.

विकण्याआधी पुंगळ्या चेपून टाका. हे मी आग्रहाने सांगेन. पॉइंट टू टूची पुंगळी तशीही पुन्हा भरता येत नाही, तिच्या कडेतलं रसायन एकदाच पेटतं. पॉइंट थ्री टू किंवा बारा बोअरच्या केस मात्र पुन्हा भरून वापरल्या जाऊ शकतात, आणि तो धंदा कोण करतं हे सांगायला नको. विनापरवाना काडतूस तयार करणं हा कलम ५ खालचा विषय आहे, मग ते घरच्या माळ्यावर हौस म्हणून केलेलं का असेना. साधा हातदाब किंवा जड रोलर पुरतो. चेपलेल्या मालाचं वजन, तारीख, घेणाऱ्याचं नाव-पत्ता आणि दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या रजिस्टरमध्ये घ्याव्यात, आणि स्थानिक पोलिस ठाण्याला एक पत्र द्यावं.

पुंगळीचं बूड वाचायला शिका, त्यात गंमत आहे आणि उपयोगही. बातम्यांत 'के एफ' लिहिलेली काडतुसं सापडल्याचं वाचतो, ती अक्षरं म्हणजे किरकी फॅक्टरी, आपल्या पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना. तो १८६९ चा. 'ओ एफ व्ही' दिसलं तर जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव. हे दोन्ही कारखाने २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत. आपल्या नेमबाजांची पॉइंट टू टू बहुधा बाहेरची असते: ब्रिटनची एली, नाहीतर एसके, लापुआ, आरडब्ल्यूएस. डबा निवडताना वेगळं बूड दिसलं, म्हणजे रेंजवर न दिलेल्या प्रकारची पुंगळी आली, तर ती कुठून आली हे त्याच दिवशी विचारा.

रेंजबाहेर, म्हणजे रस्त्यावर, शेतात किंवा इमारतीच्या गच्चीवर पुंगळी दिसली तर हात लावू नका. प्रत्येक शस्त्राची पिन आणि बोल्ट पुंगळीवर आपल्या खुणा सोडतात. प्रयोगशाळेत त्या सूक्ष्मदर्शकाखाली ताडून ती कोणत्या शस्त्रातून उडाली हे शोधतात. उचलली तर त्या खुणांवर तुमच्या बोटांची भर पडते, आणि ती कुठे, कशी पडली होती हेही हरवतं. जागेवरूनच ११२ ला फोन करा. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार झाला असेल तरी हेच. लोकांच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्या पुंगळ्याच त्याचा पुरावा असतात.

परदेशी राहणाऱ्यांसाठी गणित वेगळं आहे. अमेरिकेत अनेक राज्यांत रिकामी केस पुन्हा भरणं ही कायदेशीर हौस आहे आणि तिच्यासाठी यंत्रं दुकानात मिळतात. तरी आधी रेंजचा नियम विचारा. बऱ्याच रेंज जमिनीवर पडलेलं पितळ आपलंच मानतात, काही ठिकाणी फक्त स्वतः आणलेल्या काडतुसांच्या केस नेऊ देतात. केस भरण्याजोगी आहे का हे आत डोकावून कळतं: तळाला मधोमध एक भोक असेल तर ती बॉक्सर पद्धतीची, दोन बारीक भोकं असतील तर बर्डन. गंमत अशी की बॉक्सर इंग्रज होता आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेने बॉक्सरची पद्धत उचलली आणि युरोपने बर्डनची. बर्डन केस, लोखंडी केस आणि ॲल्युमिनियमची केस सरळ भंगारात. पितळेच्या केसच्या तोंडाशी चीर दिसली, किंवा बुडाच्या जरा वर चकचकीत कडं उमटलेलं दिसलं, तर तीही भंगारात, कारण ती पुढच्या वेळी तिथूनच फाटते. केस घासायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा घालून फिरणारं यंत्र वापरतात. त्याची धूळ शिशाची असते, म्हणून ते घरात नको. पाण्यात फिरवणारं यंत्र बरं, पण ते काळं पाणी बागेत ओतायचं नाही.

राहिला घरातल्या जुन्या वस्तूंचा प्रश्न. सातारा-कोल्हापूरकडच्या फौजी घरांत आजोबांनी किंवा वडिलांनी आणलेलं तोफेच्या गोळ्याचं पितळी कवच फुलदाणी होऊन कपाटावर उभं असतं. ते रिकामंच असेल तर ठेवायला हरकत नाही, पण एकदा उलटं करून बूड पाहा. मध्ये ठोका बसलेला खड्डा असेल किंवा प्राइमर काढून टाकल्याचं मोकळं भोक असेल, तर ते वापरलेलं आहे. बूड कोरं, सपाट असेल, किंवा तोंडाशी काहीही बसवलेलं असेल, तर ते पुन्हा न हलवता खाली ठेवा, पोरांना बाजूला करा आणि पोलिसांना कळवा, ते बॉम्बशोधक व नाशक पथक बोलावतात. अहिल्यानगरजवळच्या खारे कर्जुनेसारख्या लष्करी सराव-क्षेत्राच्या आसपास राहणाऱ्यांनी तर शेतात सापडलेल्या गोळ्याला रिकामा समजूच नये. भंगाराच्या चार पैशांसाठी असा गोळा फोडायला बसलेली माणसं दगावलेली आहेत. त्याची जागा दगड रचून किंवा फडकं बांधून दाखवून ठेवा आणि लांब जाऊन फोन करा.